ही ओळ सोडू का?

घरात रंगकाम चाललं होतं. खोल्यांमध्ये ओल्या रंगाचा वास कोंडला होता, म्हणून त्या रात्री सगळ्यांची अंथरुणं गच्चीवर पडली. मोठी माणसं लवकर झोपली. पाण्याच्या टाकीजवळ तिघंच जागे होते. काका, आणि सुट्टीसाठी त्यांच्याकडे आलेली दोघं: लग्न ठरलेली पुतणी आणि नुकताच कॉम्प्युटरच्या कोर्सला लागलेला भाचा.

पुतणीचा फोन उजळला. भाच्याने मान लांब करून वाचलं. "'आज बाजारात इतका वेळ?' अगं, तू बाजारात होतीस हे त्याला कसं कळलं?"

"लोकेशन चालू ठेवलंय मी. त्याला काळजी वाटते."

"काळजी की पाळत?"

"तुला विचारणारं कुणी नाही, म्हणून जळतोस."

काका एरवी अशा भांडणात तेल ओतायचे. आज हसले नाहीत. "तो फोन जरा पालथा घाल," ते म्हणाले.

"का हो काका?"

"मी जे सांगणार आहे, त्यात हा उजेड नको."

भाचा उठून बसला. "भुताची गोष्ट का मामा? आता आम्ही घाबरत नाही हं."

"भुताची आहे का, ते मला माहीत नाही. घडलेली आहे. आपल्या जोडाक्षरची."

"तो कॉम्प्युटरवाला? आवाज बसलेला? त्याच्या घशाचं ऑपरेशन झालंय ना?"

"तसं तो सांगतो," काका म्हणाले. आणि त्यांनी पाय पोटाशी घेतले.

जोडाक्षर आणि मी शाळेत एका बाकावर. त्याला जोडाक्षर म्हटलं की घाम फुटायचा. चौथीत मास्तरांनी त्याला फळ्यावर 'श्वास' लिहायला सांगितलं. याने लिहिलं 'शवास'. मास्तर म्हणाले, "अरे गाढवा, श्वासाचं शव केलंस की!" वर्ग हसून लोळला. त्या दिवसापासून त्याचं नाव जोडाक्षर पडलं, ते आजतागायत. पुढे तो टायपिंग शिकला, टायपिंग शिकवायला लागला, टायपिंग गेलं तेव्हा कॉम्प्युटर शिकला. पण ती भीती काही गेली नाही. दुकानावरची पाटीसुद्धा त्याने 'इथे सगळे बिघाड काढून मिळतील' अशी लिहून घेतली. बघा, एक जोडाक्षर नाही.

आता तुम्हाला ठाऊक आहे, फोन खिशात असला की माणूस कुठे गेला, किती वेळ थांबला, याची नोंद आपोआप होत राहते. ती सगळी नोंद, फोन जवळ नसला तरी, एका फाईलमध्ये उतरवून घेता येते. पण ती फाईल म्हणजे नुसती आकड्यांची खिचडी. साध्या माणसाला त्यातलं काही उमगत नाही. म्हणून जोडाक्षरने एक स्क्रिप्ट लिहिली होती.

"म्हणजे छोटा प्रोग्रॅम," भाच्याने पुतणीला सांगितलं. "काळी खिडकी असते, त्यात आज्ञा टाइप करायची."

"मला माहीत आहे. मी काय गुहेत राहते?"

हां. तर ही आकड्यांची खिचडी एका बाजूने घातली, की दुसऱ्या बाजूने साध्या मराठीत ओळी यायच्या. 'पायी.' 'गाडीत.' 'धावत.' 'थांबा.' शेजारी नकाशावर ठिपके. सामान पोचवणारी पोरं आपली रोजची रपेट मोजायला यायची. एकदा एक मुलगा वारलेल्या वडिलांचा फोन घेऊन आला होता. बाबा रोज संध्याकाळी कुठे जायचे, एवढंच त्याला बघायचं होतं. बागेतल्या एका बाकावर जायचे.

एखादी ओळ बिघडलेली असली तर स्क्रिप्ट अडायची आणि विचारायची, 'ही ओळ वाचता येत नाही. सोडू का?' खाली 'हो' किंवा 'नाही' लिहायचं. 'हो' लिहिलं की उत्तर यायचं, 'सोडली.' आणि गाडं पुढे. हे शब्द नीट लक्षात ठेवा. सगळे जोडाक्षरने स्वतः लिहिलेले.

आता दुसरा माणूस. आमच्या गावात मोटार शिकवणारे एक सर होते. निम्म्या गावाने त्यांच्याकडे गाडी शिकली. मीही निवृत्त झाल्यावर, म्हातारपणी, त्यांच्याकडेच शिकलो. आवाज असा मऊ की लहान मूल झोपावं. आपण घाबरून क्लच सोडला की गाडी गचका खाते ना? सर कधी ओरडायचे नाहीत. म्हणायचे, "घाई नाही करायची. हळू सोड... हळू... सोड." गावातली पोरं त्यांची नक्कल करायची.

बायकांना शिकवायला त्यांची बायको होती. भारी धीट. गल्लीतून मागे गाडी घेताना ती आरशात बघायचीसुद्धा नाही, कानाने अंदाज घ्यायची. बायका तिच्याकडे रांग लावायला लागल्या, आणि सरांना ते बघवेना. आधी तिचं शिकवणं बंद झालं. मग तिच्या फोनवर सरांनी ते चालू करून ठेवलं, कुठे जाते, किती वेळ थांबते... भाजी आणायला वेळ लागला तरी घरी हिशेब द्यायचा.



तिच्या फोनची काच फुटायची आणि ती जोडाक्षरकडे यायची. पहिल्यांदा म्हणाली, हातातून पडला. दुसऱ्यांदाही पडला. तिसऱ्यांदा आली तेव्हा काच फुटलेली आणि मनगट प्लास्टरमध्ये. जोडाक्षर म्हणाला, "वहिनी, फोन पडतो तेव्हा तुमचा हातही पडतो का?" ती हसली. ओठ चिरलेला होता, त्यातून रक्त आलं. रुमालाने टिपून म्हणाली, "दादा, ही नोंद बंद करता येते का?"

"येते. पण बंद केली की त्यांना कळेल."

तिने रुमाल पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "राहू दे. मी कुठे होते, ते निदान कुठेतरी लिहिलेलं तरी राहील."

मार्च महिन्यात ती नाहीशी झाली. सर सगळ्यांना सांगायचे, भांडून निघून गेली, फोनही बंद करून ठेवलाय. डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. लोकांना त्यांचीच कीव यायची. तिचा भाऊ परगावाहून येऊन चौकीच्या पायऱ्या झिजवायचा. शेवटी वर्षाच्या अखेरीला नवा इन्स्पेक्टर आला. त्याने सरांना बोलावून सांगितलं, तिच्या फोनची नोंद सोमवारी घेऊन या, नाहीतर आम्ही मागवतो.

तो डिसेंबरातला दुसरा शनिवार होता. थंडी अशी, की गल्लीतली कुत्री शटरच्या फटीत अंग घालून बसलेली. जोडाक्षरच्या बायकोने खोकल्याचं औषध आणायला सांगितलं होतं. बाटली आणून त्याने टेबलावर ठेवली, अर्धं शटर ओढलं, आणि दिवा मालवणार एवढ्यात सर वाकून आत आले.

"तुला उशिरा त्रास देतोय," ते म्हणाले. "एवढी फाईल वाचून दे बाबा. पोलिसांना द्यायची आहे. त्याआधी... मला एकदा बघू दे, बिचारी कुठे गेली."

जोडाक्षरच्या मनात पाल चुकचुकली. पण त्याला वाटलं, बरंच झालं. तिने म्हटलं होतं ना, लिहिलेलं राहील. मग वाचू या काय लिहिलंय. त्याने पेनड्राइव्ह लावला. सर त्याच्या खुर्चीमागे उभे राहिले.

पहिल्याच ओळीला स्क्रिप्ट अडली. जोडाक्षरने फाईल उघडून पाहिली. फोनवाल्यांनी नोंदीची पद्धत बदलली होती. आधी नुसते आकडे असायचे, आता प्रत्येक आकड्यापुढे अंशाचं ते बारीक वर्तुळ. स्क्रिप्टला वाटत होतं, हा आकडाच नव्हे. त्याने एक आज्ञा वाढवली, वर्तुळ काढून टाक. पुन्हा चालवली.

या वेळी ठिपके पडले, पण सगळे भर समुद्रात.

"मामा, अक्षांश आणि रेखांश उलटे लागले असणार!" भाचा म्हणाला. "आमचंही नेहमी होतं."

तेच. दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. जोडाक्षर हसून म्हणाला, "सर, वहिनी पाण्यात दिसताहेत की."

मागून सरही हसले. "छे. तिला पोहता येत नव्हतं."

जोडाक्षरची बोटं थांबली. नऊ महिने हा माणूस गावभर सांगत होता, ती आहे, ती येईल... आणि आता 'येत नव्हतं'?

तरी त्याने आकडे सरळ केले. पुन्हा आज्ञा दिली.

आता ओळी धावायला लागल्या. तिचं सगळं आयुष्य पडद्यावरून वर सरकत होतं. पायी, भाजीबाजार. पायी, घर. गाडीत, दवाखाना. थांबा. पायी, घर. थांबा, थांबा, थांबा. तिच्या जगाचा घेर तुम्ही नकाशावर बघितला असतात... या गच्चीएवढा वाटला असता. मग मार्च आला. ती रात्र आली.

घर. पायी.

घर. धावत.

घर. धावत.

घर. पायी.

घर. धावत.

घर. थांबा.

सगळे ठिपके एकावर एक. एकाच घरात. बाई घरातल्या घरात कुठे धावेल? कशासाठी धावेल?

मग पुढची ओळ. 'गाडीत.'

आणि तिथे स्क्रिप्ट अडली. 'ही ओळ वाचता येत नाही. सोडू का?'

"हो म्हण," सर म्हणाले. आवाज तोच, मऊ. "सोड ती ओळ."

जोडाक्षरने 'हो' लिहिलं. उत्तर आलं, 'सोडली.' आणि खाली लगेच, 'ही ओळ वाचता येत नाही. सोडू का?'

तीच ओळ. पुन्हा 'हो'. 'सोडली.' पुन्हा तीच. त्याने दहा वेळा सोडली असेल. ओळ काही जाईना.

आणि इथे त्याने ती चूक केली. ही चूक फक्त असल्याच माणसाच्या हातून होते. बिघाड समोर आला की तो बिघाडापुरताच उरतो. कुणाची फाईल, मागे कोण उभं आहे, सगळं विसरला. ओळ उघडून बघितली. साधी गोष्ट होती. 'थांबा' सुरू झाल्याची वेळ होती, संपल्याची नव्हती. फोनची बॅटरी तिथेच संपली असणार. थांबा किती वेळाचा, हे काढायला स्क्रिप्टला शेवटची वेळ लागते, ती कुठेच नाही, म्हणून अडते. त्याने एक वाक्य वाढवलं. शेवटची वेळ नसेल तर आत्ताची वेळ घे.

ओळ झटकन वाचली गेली. ठिपका पडला. आणि हा आनंदाने खुर्चीत उडालाच. मोठ्याने म्हणाला, "सापडली! सर, सापडली! थांबा संपलेलाच नाही. ती अजून तिथेच आहे!"

मग त्याने ठिपका कुठे पडलाय ते पाहिलं.

गावाबाहेर सरांचं पटांगण आहे. तिथे आठचा आकडा गिरवायला लावायचे. आणि एका कोपऱ्यात मातीचा चढ. चढावर गाडी थांबवून, मागे येऊ न देता पुढे न्यायची, त्याच्या सरावासाठी मुद्दाम केलेला. तो चढ सरांनी त्याच मार्चमध्ये घातला होता. एकट्याने. लोक म्हणाले, बायको गेली, बिचारा कामात मन रमवतोय.

 

मी त्या चढावर शिकलो. नऊ महिने सगळं गाव त्या चढावर शिकलं. चाकांनी माती दगडासारखी झाली होती. "हळू सोड... हळू..." माझा क्लच कधी नीट सुटला नाही. पण माझी गाडी त्या चढावर एकदाही मागे आली नाही. मागून कुणीतरी धरल्यासारखी उभी राहायची. सर म्हणायचे, तुमचा पाय चांगला आहे.

"काका..." पुतणी हळूच म्हणाली.

ऐक आता.

जोडाक्षरला मागे शटरचा आवाज आला. अर्धं होतं, ते पूर्ण खाली आलं. तो वळणार, तोच सरांनी त्याचं डोकं मागून धरून कीबोर्डवर आपटलं. एकदा. दोनदा. दात तुटून बटणांत पडला. औषधाची बाटली फुटली. तो उठायला गेला तर पाठीत गुडघा बसला.

भिंतीवरच्या खिळ्याला चार्जिंगच्या वायरी टांगलेल्या असायच्या. गिऱ्हाइकं चुकून घेऊन जातात, म्हणून प्रत्येक वायरीच्या टोकाला याने पिवळी पट्टी गुंडाळलेली. त्यातली एक सरांनी ओढली. दोन वेढे याच्या गळ्याभोवती. आणि आवळली.

हा पाय झाडतोय. नखांनी वायर ओरबाडतोय, नखं स्वतःच्याच गळ्यात रुततायत. रक्त शर्टात उतरतंय. काचेवर त्याची टाच घासतेय. आणि कानाशी तो आवाज. मऊ. शिकवल्यासारखा.

"घाई नाही करायची. हळू सोड... श्वास हळू सोड..."

घशात काहीतरी कट्कन मोडलं. ते त्याला ऐकू आलं.

"तिनेही फार घाई केली... हळू सोड..."

डोळ्यांपुढे काळोख आला. पडद्याचा उजेड लांब गेला. विहिरीच्या तोंडाएवढा. नाण्याएवढा.

मग...

वायर ढिली झाली.

सोडली नाही कुणी. निघून गेली. सापासारखी सळसळत त्याच्या गळ्यावरून निघून गेली.

तो खाली पडला. खोकला, ओकला, रक्त थुंकलं. मागे काही आवाज नव्हता. म्हणून त्याने मान वळवली.

सर शटरला पाठ लावून उभे होते. वायर त्यांच्या गळ्याभोवती होती. दोन वेढे. त्यांचे दोन्ही हात वायरीखाली बोटं घालायची धडपड करत होते.

आणि वायरीची दोन टोकं...

कुणाच्या हातात नव्हती. ती खाली गेली होती. सरळ, ताठ, फरशीपर्यंत. फरशीच्या खालून कुणी ओढावीत, तशी.

सरांचे गुडघे वाकत होते. हळू. घाई नव्हती. चेहरा जांभळा. डोळ्यांतल्या शिरा फुटून पांढऱ्यात रक्त पसरलेलं. जीभ दातांत सापडून चिरलेली. ते याच्याकडे बघत होते. पडद्याकडे डोळ्यांनी खुणा करत होते. मान हलवत होते. हो... हो...

जोडाक्षरने पडद्याकडे पाहिलं.

ओळी नव्हत्या. नकाशा नव्हता. काळ्या खिडकीत एकच वाक्य.

'अजून श्वास आहे. सोडू का?'



"मामा," भाच्याचा आवाज चिरकला. "'श्वास'... ते जोडाक्षर आहे."

हो. त्याने उभ्या जन्मात लिहिलेलं नाही.

तो किती वेळ बसून राहिला, हे त्याने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तिचा चिरलेला ओठ आठवला असेल. प्लास्टर आठवलं असेल. 'नाही' लिहायला दोनच अक्षरं... पण तो जोडाक्षर. कुणाचा जीव जाताना बघणाऱ्यातला नाही. सरपटत टेबलाशी गेला. बोटं रक्ताने निसटत होती. कशीतरी बटणं दाबली.

'हो.'

उत्तर आलं.

मघाशी सांगितलं, शब्द लक्षात ठेवा. ओळ म्हणजे ती ओळ. म्हणून स्क्रिप्टमध्ये एकच उत्तर होतं. 'सोडली.' दुसरं त्याने लिहिलेलंच नव्हतं.

पडद्यावर आलं, 'सोडला.'

सर धप्पकन बसले. गळा मोकळा होता. वायर कुठे दिसेना. जोडाक्षरला वाटलं, वाचला. तिने सोडला याला. तो जवळ गेला. सरांची छाती वर आली. मग हळू... अगदी हळू... खाली गेली.

परत वर आली नाही.

श्वास सोडला होता.

पुतणीचा पालथा फोन उजळला. सतरंजीच्या कडेने उजेडाची एक रेघ आली. तिने हात लावला नाही. रेघ विझली. पुन्हा आली. पुन्हा विझली.

"मग पोलीस?" भाच्याने विचारलं.

शटर तोडून आत आले ते सकाळीच. याच्या तोंडून शब्द निघत नव्हता. घसाच चिरडलेला. नुसता नकाशावरच्या ठिपक्यावर बोट ठेवून राहिला. इन्स्पेक्टर शहाणा होता. ठिपका कळला त्याला. दुकानभर शोधलं, पण वायर मिळाली नाही. फरशीला भेग नाही, तडा नाही. दार आतून बंद. आणि सरांच्या गळ्यावर दोन वेढ्यांचा वळ, हाडापर्यंत. जोडाक्षरच्या गळ्यावर होता, अगदी तसाच. डॉक्टर म्हणाले, दोन्ही वळ एकाच वायरीचे.

दुपारी चढ खणायला घेतला. मी तिथे होतो. अर्धं गाव होतं. कुदळ लागेना इतकी माती घट्ट. पहारीने फोडावी लागली. वरचा थर निघाला, मधला निघाला. कुठे उकरल्याची खूण नाही. मार्चपासून त्या मातीला कुणी हात लावला नव्हता, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

खाली ती होती. फोन तिच्या गाऊनच्या आतल्या खिशात. तिने लपवला होता, सरांना सापडलाच नव्हता. नऊ महिने मातीत राहिलेलं माणूस जसं असेल, तशी होती. ते मी सांगत नाही.

पण उजवा हात... मूठ घट्ट मिटलेली.

मुठीतून एक वायर बाहेर आली होती. टोकाला पिवळी पट्टी. जोडाक्षरने स्वतः गुंडाळलेली.

वायरीवर रक्त होतं. हवालदाराने बोट लावून पाहिलं. आणि बोट तसंच वर धरून उभा राहिला.

ओलं होतं.

"मग...?" पुतणीने विचारलं. नुसते ओठ हलले.

दवाखान्यात दोन माणसांनी ती मूठ उघडायचा प्रयत्न केला. पुरावा हवा होता ना. मग तिघांनी. जुनी हाडं, खरं तर हात लावताच सुटायला हवी होती. शेवटी दोन्ही बाजूंनी वायर कापली आणि ते दोन तुकडे पिशवीत घातले. मुठीतला तुकडा तिच्याबरोबर गेला.

ती मूठ काही सुटली नाही.